वाण्याचं राहिलेलं काम

जुन्या किराणा दुकानात एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याशी कसं वागावं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण दुकानदारच तो निकालात काढत असे. ठाण्यातलं नौपाडा, कोपरी, कळवा, कुठलंही जुनं दुकान डोळ्यांसमोर आणा. तोंडाशी काउंटर, पलीकडे वाणी आणि त्याची दोन पोरं, अलीकडे आपण. डाळीच्या गोणीत हात घालायची सोय नाही. साखर तो जोखणार, पुडीला दोरा तो बांधणार, आणि समोर पाच जण उभे असतील तर कोणाची यादी आधी घ्यायची तेही तोच ठरवणार. ‘वहिनी, जरा थांबा, काका मघापासून उभे आहेत,’ असं तो म्हणायचा आणि वहिनी थांबायच्या. शाळेच्या गणवेशातलं पोर पाव किलो रवा न्यायला आलं असेल तर मोठी यादी बाजूला ठेवून त्याला आधी मोकळं करायचा. त्याचा न्याय नेहमी सरळ असे असं मी म्हणणार नाही. महिन्याचं मोठं सामान भरणाऱ्याला बसायला स्टूल मिळायचं, उधारी थकलेल्याला ताटकळावं लागायचं. तरी क्रम लावणारं एक माणूस तिथे होतं आणि सगळे त्याचं ऐकायचे.

स्वयंसेवेची दुकानं आली आणि हा माणूस मधून निघून गेला. अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ साली ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला थेट फळ्यांपर्यंत सोडलं. टोपली घ्या, हवं ते उचला, दाराशी पैसे द्या. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने टोपल्यांना चाकांची गाडी दिली. हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी आवरती घेतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपल्या भागात ही पद्धत रुजायला पुष्कळ काळ गेला. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेल्या अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांनी सगळं सामान एका छपराखाली घ्यायची सवय लावली. १९९९मध्ये राधाकिशन दमानी यांनी नेरुळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवून बघितली, आणि २००२ साली पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं. आज घोडबंदर रस्त्यावर काय किंवा ऐरोली, खारघरला काय, बहुतेक घरांत महिन्याचं सामान भरायला जायचं म्हणजे अशाच कुठल्यातरी मोठ्या दुकानात जायचं.

तिथे माल स्वस्त मिळतो याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक आपण स्वतः आहोत. पूर्वी वाण्याची पोरं जी कामं करायची ती आता आपण करतो. फळीवरून माल काढतो, निवडतो, भाजी जोखायला नेतो, गाडी ढकलतो, पिशव्या भरतो. ही कामं आपण बिनतक्रार अंगावर घेतली, कारण ती केल्याशिवाय सामान घरी येत नाही. पण वाणी आणखी दोन कामं करायचा. तो गिऱ्हाइकांचा क्रम सांभाळायचा, आणि नंतर येणाऱ्यासाठी माल शाबूत ठेवायचा. ही दोन कामं आपल्यापैकी अनेकांनी घेतलीच नाहीत, कारण ती न करताही आपलं सामान व्यवस्थित घरी पोचतं. नुकसान होतं ते आपल्या मागून येणाऱ्याचं, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांशी नीट वागणं याला आपण मोठ्या मनाची, वरकड चांगुलपणाची गोष्ट समजतो, ती समजूत चुकीची आहे. ते त्या स्वस्ताईच्या सौद्यातलं आपल्या वाट्याचं काम आहे.

भाजीच्या कप्प्यापाशी हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. भेंडी कोवळी आहे का हे बघायला तिचं टोक मोडायची आपली जुनी रीत. टोक कट्कन तुटलं तर कोवळी, वाकून चिवटपणे लोंबलं तर जून. रीत बरोबर आहे, तिच्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. पण बाजारात भाजीवाली समोर बसलेली असते. दोन भेंड्या मोडून झाल्या की ती ‘ताई, सगळ्या एकाच तोडणीच्या आहेत, घ्या निवडून’ म्हणते आणि हात थांबतो. शिवाय ज्या मोडल्या त्या आपण पिशवीत टाकतो, कारण ती बघत असते. मोठ्या दुकानात कोणी बघत नाही. मग भेंडी मोडायची, आवाज ऐकायचा, आणि कोवळी निघाली तरी ती परत ढिगात टाकून तिच्या शेजारची अखंड उचलायची! संध्याकाळी त्या कप्प्यात हात घातला तर निम्म्या भेंड्या बिनटोकाच्या असतात आणि मोडलेल्या जागी काळ्या पडू लागलेल्या असतात. दुधीवर नखांच्या चंद्रकोरी उमटलेल्या असतात. टोमॅटो वरून लाल आणि अंगठ्याएवढ्या खळग्यापाशी पाणी सुटलेले. कोथिंबिरीच्या जुड्या उलगडून त्यातल्या चांगल्या काड्या दुसऱ्या जुडीत खोचलेल्या, म्हणजे एक जुडी दांडगी आणि दुसरी नुसत्या देठांची.

यात बारीक तपशील असा की भेंडी मोडावी लागतच नाही. टोक बोटाने हलकं दाबून वाकवलं तरी अंदाज येतो. बोटाएवढी, अंगावर लव असलेली, शिरा फार न फुगलेली भेंडी सहसा कोवळीच निघते. दुधीला नख लावण्याऐवजी त्याचा देठ आणि अंगावरची तुकतुकी बघितली तरी चालतं. हे आपल्या घरच्या मोठ्या माणसांना माहीत असतं. न मोडता भाजी पारखणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून हे शिकून घ्यायला हवं, आणि मोडलीच तर ती भेंडी आपली, हा नियम स्वतःला लावून घ्यायला हवा.

या भाजीची वाटचालही लक्षात घ्या. नाशिककडची, पुणे-जुन्नरकडची भाजी रात्री ट्रकमध्ये चढते, पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात उतरते, तिथून टेम्पोने दुकानांत जाते. इतक्या हातांतून जाऊन सकाळी नऊला ती कप्प्यात बऱ्या अवस्थेत बसते. नऊ ते एक या वेळात येऊ शकणारी माणसं ती पहिल्यांदा निवडतात. संध्याकाळच्या लोकलने ठाण्याला उतरून, बस किंवा शेअर रिक्षा पकडून साडेसात-आठला दुकानात शिरणाऱ्या बाईच्या वाट्याला सकाळच्या हातांनी उरवलेलं येतं. भाव तिलाही तोच. तिने काही आगळीक केलेली नाही, ती फक्त उशिरा पोचली. सकाळी निवांत भाजी निवडणाऱ्याने तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा असं मला मनापासून वाटतं.

थंड मालाचं प्रकरण याहून गंभीर आहे. गोठवलेले मटार, पनीर, लोणी, दही गाडीत टाकायचं आणि पुढे मन बदललं की जिथे असू तिथे, बिस्किटांच्या नाहीतर साबणांच्या फळीवर ठेवून द्यायचं. गोठवलेलं अन्न उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवायचं असतं. ते पाऊण तास साबणांशेजारी पडलं, मग दुकानातल्या मुलाला सापडलं आणि त्याने परत शीतपेटीत ठेवलं, तर बाहेरून बघून कोणालाच काही कळणार नाही. वितळून पुन्हा गोठलेलं ते पाकीट कोणाच्या तरी डब्यात जाईल, कदाचित एखाद्या लहान मुलाच्या. दुकानातल्या मुलाने ते फेकून दिलं तर चांगलं अन्न वाया गेलं. दोन्हीकडून नुकसानच, आणि ते टाळायला लागणारे कष्ट किती? परत जायचा कंटाळा असेल तर बिलाच्या वेळी ‘हे नको आहे, फ्रीजमधलं आहे’ असं सांगून काउंटरवर देता येतं. तिथला माणूस ते घेतो, कोणी रागावत नाही.

‘ती पोरं ठेवतील, त्यांचं कामच आहे ते,’ असं यावर हमखास ऐकू येतं. त्यांचं काम माल भरणं आहे. आपण भलतीकडे ठेवलेल्या वस्तू शोधत फिरण्यात त्यांचा जो वेळ जातो तो संपलेली तूरडाळ फळीवर आणण्यातून कापला जातो, आणि मग तूरडाळ नाही म्हणून आपणच कुरकुरतो. बिलिंगला एक माणूस कमी पडतो तोही बहुतेक वेळा याच मुलांपैकी असतो.

तारखांबद्दल मात्र मी सरसकट दोष देणार नाही. दुधाची, दह्याची, पावाची जुनी तारीख पुढे आणि ताजी मागे, अशी मांडणी दुकानं करतात, ती योग्यच आहे. मागे हात घालून ताजं काढायचा हक्कही आपल्याला आहे, पैसे आपण मोजतो. ज्यांच्या घरी दूध चार दिवस पुरवायचं असतं त्यांनी मागचं जरूर घ्यावं. पण आज रात्रीच दही लावायचं असेल, संध्याकाळी पाहुण्यांना पनीरची भाजी करायची असेल, तर पुढचं पाकीट उचलून काय बिघडतं? आणि मागचं काढलं तर पुढची पाकिटं आडवी-तिडवी न टाकता जागच्या जागी लावता येतात. तेवढं जमलं तरी मी समाधानी आहे.

आता रांग. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत खरं दुखणं इथे आहे, विशेषतः पगाराच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधी. एक पद्धत आता इतकी रुळली आहे की ती चुकीची आहे हेही कोणाला जाणवत नाही. घरातलं एक माणूस आल्या-आल्या जवळजवळ रिकामी गाडी घेऊन बिलाच्या रांगेत उभं करायचं, आणि बाकीच्यांनी दुकानभर फिरून सामान आणून त्या गाडीत टाकत राहायचं. मागच्याला वाटतं, पुढे एकच छोटी गाडी आहे, पाच मिनिटांत नंबर लागेल. नंबर जवळ येतो तेव्हा त्या गाडीत पाच किलो तांदूळ, दोन तेलाचे डबे आणि एक खोका साबण येऊन पडलेला असतो. शेवटी बिल अर्धं झाल्यावर ‘एक मिनिट हं, हळद राहिली’ म्हणून कोणी तरी धावतं आणि सगळी रांग हळदीची वाट बघत उभी राहते. मागच्याने आपला वेळ अंदाजून ती रांग निवडली होती. त्याचा अंदाज आपण जाणूनबुजून खोटा ठरवला.

दुसरी गोष्ट नव्या काउंटरची. गर्दी वाढली की दुकान बंद असलेला एखादा काउंटर उघडतं. उघडताक्षणी रांगेच्या शेपटाची माणसं तिकडे धावतात, कारण त्यांना वळायला जागा असते. पुढून तिसऱ्या नंबरवर वीस मिनिटं तिष्ठलेला माणूस दोन गाड्यांमध्ये अडकलेला असतो, त्याला हलता येत नाही. म्हणजे सगळ्यात शेवटी आलेल्याचं बिल सगळ्यात आधी होतं. यात कोणी कोणाला ढकललेलं नाही, नियम मोडलेला नाही, म्हणून कोणी काही बोलतही नाही. पण मनात राग धुमसतोच, आणि तो पुढे भलत्याच माणसावर, बहुतेक वेळा बिल करणाऱ्या मुलीवर निघतो.

काउंटरच्या पलीकडच्या टोकाला काय होतं तेही सांगते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आपण घरून कापडी पिशव्या नेतो, ते उत्तम आहे. पण आपलं बिल होऊन माल टोकाला साठतो, पैसे द्यायचे असतात, फोनवर यूपीआयचं चक्र फिरत असतं, पिशवीची घडी उलगडलेली नसते, आणि तेवढ्यात मागच्याच्या डाळी येऊन आपल्या पोह्यांना भिडतात. अशा वेळी वसंत विहारजवळच्या एका दुकानात बघितलेली गोष्ट. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, नोटा मोजून देत होते, सुटे शोधत होते. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाने कानातली बटणं काढली आणि म्हणाला, ‘आजोबा, पिशवी द्या माझ्याकडे, तुम्ही निवांत मोजा.’ त्याने पिशवीचं तोंड उघडून खाली गूळ आणि तांदूळ ठेवले. आजोबा पैसे मोजता मोजता म्हणाले, ‘अंडी वर हं बाळा, आणि ते लिज्जत उभं ठेव.’ त्याने पापडाचं पाकीट उभं ठेवलं. सगळा प्रकार दीड-दोन मिनिटांचा. रांगेतलं कोणी घड्याळ बघितलं नाही, उलट पुढची बाई आपल्या पिशव्या काढून उलगडून ठेवू लागली. मुलाचाही फायदाच झाला, त्याचा नंबर लवकर आला.

‘इथे गर्दीच एवढी, कोणाकोणाचा विचार करायचा?’ या युक्तिवादात मला तथ्य वाटत नाही, आणि त्याचा पुरावा दुकानापासून फार लांब नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर बसच्या रांगेकडे बघा. दिवसभर दमलेली माणसं एकामागे एक उभी असतात, मध्ये कोणी घुसू लागलं तर मागून लगेच आवाज येतो. शेअर रिक्षाच्या रांगेतही तेच. लोकलच्या बायकांच्या डब्यात तर कोणी न लिहिलेला अख्खा कायदा चालतो. ‘कुठे उतरणार?’ असं विचारून सीट सांगून ठेवायची, सांगितलेली सीट दुसरीने बळकवायची नाही, तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायची, पोटुशी बाई दिसली तर विचारायच्या आत उठायचं. दुकानातल्यापेक्षा तिथे गर्दी कितीतरी जास्त आणि वेळ कितीतरी कमी. तीच बाई तासाभराने दुकानात शिरते. तिला क्रम कळत नाही, दुसऱ्याची अडचण कळत नाही, असं कोणी म्हणूच शकत नाही.

मग दुकानात काय बिघडतं? मला वाटतं, लोकलमधले नियम प्रवाशांनी स्वतः घडवले, कारण तिथे घडवून देणारं दुसरं कोणी नव्हतं आणि उद्या त्याच डब्यात त्याच बायका पुन्हा भेटणार होत्या. दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जातो, आणि गिऱ्हाइकाचं काम फक्त घेणं, बाकीचं बघायला दुकान समर्थ आहे, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. गिऱ्हाइकांमधला क्रम मात्र दुकान बघत नाही. ते चोरी बघतं, बिल बघतं. दुकान आपल्याकडून अपेक्षा करत नाही आणि आपण दुकानाकडून करतो, त्यात काम पडून राहतं.

टंचाईच्या दिवसांची सवय अजून गेली नाही, असंही काही जण म्हणतात. रॉकेल, साखर, पामतेल यांच्यासाठी रेशनवर उभं राहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. १९७२ साली महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, ती याच शहराच्या आसपासची गोष्ट. पण त्या काळाचं नाव घेऊन आजच्या घुसाघुशीचं समर्थन होत नाही. रेशनच्या रांगेत माणूस घरी गेला तर त्याच्या जागी रॉकेलचा डबा असायचा आणि त्या डब्याच्या नंबरला मान होता. संपून जायची भीती खरी होती तेव्हा लोक रांग पाळत होते. आता फळ्या भरभरून वाहताहेत, मागच्यालाही तेच मिळणार आहे. २०२०च्या टाळेबंदीत दुकानांबाहेर आखलेल्या वर्तुळांत आपण सगळे निमूट उभे राहिलो, तेही फार जुनं नाही.

हे सगळे शिष्टाचार म्हणजे उंच इमारतींतल्या माणसांचे चोचले आहेत, हा आक्षेप मात्र मी मनावर घेते, कारण तो प्रामाणिक माणसांकडून येतो. ज्याला दोन पैसे वाचवायला इतक्या लांब यावं लागतं त्याला ‘आधी तुम्ही’ म्हणायची चैन परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण रांग मोडल्याने सगळ्यात जास्त कोणाचं बिघडतं ते बघा. मानपाड्याच्या संकुलात चार घरची कामं करणारी बाई दुपारच्या दोन कामांमधल्या अर्ध्या तासात तेल आणि तांदूळ घ्यायला येते. कोणी पुढे घुसलं आणि तिची दहा मिनिटं गेली, तर तिसऱ्या घरी तिला बोलणी खावी लागतात. गाडीतून आलेल्या माणसाची दहा मिनिटं गेली तर तो घरी दहा मिनिटं उशिरा पोचतो, एवढंच. शिवाय घुसायला एक प्रकारचा रुबाब लागतो. नीटनेटके कपडे, मोठा आवाज, ‘मला घाई आहे’ म्हणायची हिंमत. हा रुबाब कामवाल्या बाईकडे नसतो, म्हणून रांग मोडली की ती हरते. क्रमाचा आधार तिलाच सगळ्यात जास्त लागतो. ॲपवर दहा मिनिटांत किराणा दारात येतो तेव्हा ज्यांना परवडतं त्यांनी दुकानाच्या रांगेतून अंग काढून घेतलंच आहे. उरलेल्यांसाठी तरी ती रांग सरळ असली पाहिजे.

ग्राहक चळवळीने आपल्याला हक्क शिकवले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा, दोन्ही विक्रेता आणि ग्राहक यांच्यातले. एका ग्राहकाचं दुसऱ्याशी काय नातं, याबद्दल कायदा गप्प आहे, आणि त्याने गप्पच असावं. पण त्याच चळवळीत याचं उत्तरही आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवायची आणि आपसांत वाटून घ्यायची पद्धत रुजवली. एखाद्या सभासदाच्या घरी सामान उतरायचं आणि घराघराचे वाटे तिथे बायका-पुरुष मिळून लावायचे. तिथे कोणी भेंडीचं टोक मोडून शेजारणीच्या वाट्यात टाकत नसे, कारण शेजारीण समोर असायची. ती दिसत नसली तरी असतेच, एवढा फरक मनात धरला की बाकीचं आपोआप सुचतं.

दुकानांनीही आपलं काम केलं पाहिजे, ती जबाबदारी आपण अंगावर घ्यायचं कारण नाही. सगळ्या काउंटरना मिळून एकच रांग ठेवली आणि पुढचा माणूस मोकळ्या काउंटरवर गेला, तर आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. बँकांत आणि विमानतळांवर हे रोज घडतं. गाड्यांना जागा लागते म्हणून सगळ्या दुकानांना हे जमणार नाही हे मान्य. ज्यांना जमत नाही त्यांनी नवा काउंटर उघडताना तिथल्या मुलीला ‘या रांगेतले पुढचे दोन जण या’ एवढं म्हणायला सांगावं. गर्दीच्या वेळी खोक्यांचे मनोरे आणि शिड्या दोन फळ्यांमधल्या वाटेत उभ्या करू नयेत. गाडी मधोमध सोडून फोनवर बोलणाऱ्याला बाजूला हो म्हणायची सोय तरी राहील! मिरच्या-लिंबं घेऊन आलेल्या माणसासाठी थोड्या सामानाचा एक काउंटर खरोखर थोड्याच सामानासाठी ठेवावा, त्यावर भरलेली गाडी आली तर नम्रपणे परत पाठवावी.

एवढं झालं तरी कोणी ना कोणी पुढे घुसणारच. त्या वेळी काय करायचं हे आपलं आपण ठरवून ठेवायला हवं. सध्या होतं असं की रांगेतला एक जण धीर करून म्हणतो, ‘ताई, रांग तिकडून आहे,’ आणि बाकीचे दहा जण फोनमध्ये बघू लागतात. घुसणाऱ्याला वाटतं हा एकटाच भांडखोर आहे. बोलणाऱ्याला वाटतं आपण उगाच बोललो, आणि पुढच्या वेळी तोही गप्प बसतो. म्हणून माझी विनंती पहिल्या बोलणाऱ्याला नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्याला आहे. आवाज न चढवता त्याने फक्त म्हणावं, ‘हो, तिकडूनच आहे.’ दुसरा आवाज आला की भांडण सहसा पेटत नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पुढे आलेली व्यक्ती बहुतेक वेळा ‘अहो, लक्षातच नाही आलं’ म्हणते आणि गाडी मागे घेऊ लागते. तेव्हा तिचं म्हणणं खरं धरावं आणि आपापल्या गाड्या जरा बाजूला ओढून तिला मागे जायला वाट करून द्यावी.